खवल्यांची मोजणी आणि रंगांची साक्ष

एखाद्या वस्तूचें यथार्थ वर्णन करणें ही कला केवळ कवींच्याच वांट्यास आलेली नाहीं. ज्या शास्त्रीय ग्रंथांस साहित्याच्या दालनांत सहसा प्रवेश मिळत नाहीं, त्यांतही वर्णनाची परीक्षा होत असते, आणि ती पुष्कळदां काव्यांतील परीक्षेहून अधिक कडक असते. कवीनें मेघास सांवळा म्हटलें काय किंवा धूसर म्हटलें काय, रसहानि झाली नाहीं म्हणजे वाचक संतुष्ट असतो. परंतु निसर्गशास्त्रज्ञानें एखाद्या सापाच्या कुशीवरचा पट्टा दुसऱ्या रांगेवर आहे असें लिहिलें आणि तो चौथ्या रांगेवर निघाला, तर त्याच्या वर्णनाचा सारा डोलारा कोसळतो. या दृष्टीनें अमेरिकेंतील गार्टर सापांविषयींचें वाङ्मय आम्हांस फार उद्बोधक वाटलें, आणि म्हणूनच विषय परका व प्राणी अप्रिय असूनही त्याचा परामर्श या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्यासमोर मुख्यतः दोन ग्रंथ आहेत. पहिला, अलेक्झांडर रुथवेन यांनीं लिहिलेला व अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयानें १९०८ सालीं प्रसिद्ध केलेला, गार्टर सापांचे भेद व वंशसंबंध यांवरील प्रबंध. आणि दुसरा, डग्लस रॉसमन, नील फोर्ड व रिचर्ड सीगल या त्रयीचा, ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनें १९९६ सालीं काढलेला ‘द गार्टर स्नेक्स’ हा ग्रंथ. दोहोंमध्यें अठ्ठ्याऐंशी वर्षांचें अंतर आहे. मधल्या काळांत या विषयावर जे निबंध झाले, त्यांपैकीं कांहींचा विचार केल्यावांचून या दोन ग्रंथांचें मोल ठरवितां येणार नाहीं. वादाचा मुद्दा एका वाक्यांत सांगतां येतो. रानांत दिसलेला साप कोणत्या जातीचा व कोणत्या उपजातीचा, हें त्याच्या खवल्यांवरून ठरवावें कीं त्याच्या रंगावरून? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु एका दुर्मिळ होत चाललेल्या सापाचें कायदेशीर संरक्षण या प्रश्नाशीं कसें निगडित आहे, हें पुढें दिसून येईल.

प्रथम या सापाची तोंडओळख करून देणें अवश्य आहे. पायमोजे घसरूं नयेत म्हणून गुडघ्याखालीं जी पट्टी बांधतात तिला गार्टर म्हणतात; अंगावरून लांबच लांब पट्टे गेलेल्या या सापास त्या पट्टीवरून नांव पडलें. उत्तरेस कॅनडापासून दक्षिणेस कोस्टारिकापर्यंत त्याच्या सुमारें तीस जाती पसरल्या आहेत. शास्त्रज्ञ या सर्वांस मिळून थॅम्नोफिस असें म्हणतात. बहुतेकांच्या पाठीच्या मधोमध एक आणि दोन्ही कुशींवर एकेक असे तीन फिकट पट्टे असतात. हा साप अंडीं घालीत नाहीं, जिवंत पिलांस जन्म देतो. माणसास त्याच्यापासून म्हणण्यासारखें भय नाहीं. मात्र हातांत धरला असतां तो असा दुर्गंधी स्राव सोडतो कीं धरणाऱ्यास आपल्या शास्त्रप्रेमाचा क्षणभर तरी पश्चात्ताप व्हावा. आपल्याकडे पावसाळ्यांत गवतांतून सळसळत जाणारी, अंगावर दोन पिवळसर पट्टे मिरविणारी गरीब नानेटी ही याचीच दूरची आप्त होय. दोघांची गणना एकाच उपकुलांत होते, मात्र नानेटी अंडीं घालते. स्वीडनच्या लिनियसनें १७५८ सालच्या एकाच ग्रंथांत या दोघांसही शास्त्रीय नांवें दिलीं.

त्या नामकरणाचीच कथा प्रथम सांगण्याजोगी आहे. लिनियस सापांचें वर्णन पोटावरील व शेपटीखालील खवल्यांच्या संख्येनें करीत असे. रंगाविषयीं एखादेंच वाक्य लिही. ज्या सापास त्यानें सिर्टालिस म्हटलें तो सामान्य गार्टर साप होय, असें पुढें सर्वजण धरून चालले. परंतु १९४८ सालीं लॉरेन्स क्लाउबर यांनीं तें मूळचें त्रोटक वर्णन पुन्हां तपासून दाखवून दिलें कीं, तें सामान्य गार्टर सापास लागू न पडतां त्याच्या सडपातळ व लांब शेपटीच्या भावंडास, म्हणजे रिबन सापास, लागू पडतें. न्यायानें पाहिलें तर दीडदोनशें वर्षांचीं नांवें उलटींपालटीं करावयास हवीं होतीं. शेवटीं प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगानें १९५६ सालीं निर्णय देऊन रूढ झालेलेंच नांव कायम केलें. वर्णन अपुरें राहिलें म्हणजे पुढील पिढ्यांस त्याचें केवढें व्याज भरावें लागतें, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां खवल्यांच्या कसोटीकडे वळूं. सापाच्या पाठीवरील खवले तिरप्या ओळींनीं बसविलेले असतात. पोटावरच्या रुंद खवल्यांस लागून असलेली रांग ती पहिली असें धरून, एका कुशीपासून पाठीवरून दुसऱ्या कुशीपर्यंत मोजीत जावयाचें. आणि ही मोजणी मानेशीं, अंगाच्या मध्यावर व गुदद्वाराच्या किंचित् आधीं अशी तीन ठिकाणीं करावयाची. सिर्टालिस जातींत हे आंकडे बहुधा १९, १९ व १७ असे येतात. पश्चिमेकडील एलेगान्स जातींत मध्यावरची संख्या बहुधा १९ किंवा २१ असते, तर वायव्य किनाऱ्यावरील ऑर्डिनॉइडीस या लहानखुऱ्या जातींत ती १७ वर येते. दुसरी खूण वरच्या ओठावरील खवल्यांची. सिर्टालिसला ते दर बाजूस बहुधा सात, एलेगान्सला आठ. तिसरी खूण कुशीवरील पट्ट्याच्या जागेची. सिर्टालिसचा पट्टा दुसऱ्या व तिसऱ्या रांगेवर असतो. मैदानी प्रदेशांतील रॅडिक्सचा आणि रिबन सापांचा तिसऱ्या व चौथ्या रांगेवर. यांखेरीज गुदद्वारावरील खवला अखंड असणें ही गार्टर सापांची खूण होय. त्यांच्याशीं घोटाळा होणाऱ्या तेथील पाणसापांत तो दुभंगलेला असतो. इतकें पाहिलें म्हणजे जात बहुतांशीं ठरते. येथें रंगाचा संबंध आला तो पट्ट्याची जागा पाहण्यापुरताच. पट्टा पिवळा कीं निळसर हा प्रश्नच आला नाहीं.

परंतु जातीच्या आंत उतरून उपजाति ठरवूं लागलें कीं खवले मुके होतात आणि रंग बोलूं लागतो. एकट्या सिर्टालिसच्याच डझनभर उपजाती मानल्या गेल्या आहेत. त्यांपैकीं पूर्वेकडील मूळ उपजाति काळपट अंगावर तीन पिवळे पट्टे घेऊन येते. थॉमस से यांनीं १८२३ सालीं वर्णिलेल्या पारिएटालिस उपजातीच्या कुशींवर पट्ट्यांच्या मधल्या जागेंत तांबडे ठिपके असतात. ऑरेगॉनमधील कॉन्सिनस काळीकुट्ट, तांबड्या ठिपक्यांची व बहुधा तांबूस डोक्याची. शिकागोच्या आसपासच्या सेमिफॅसिएटसच्या कुशीवरील पट्टा अंगाच्या पुढल्या भागांत काळ्या आडव्या रेघांनीं तुटलेला असतो. फ्लोरिडाच्या वायव्य किनाऱ्यावरील सिमिलिस, जिचें वर्णन रॉसमन यांनींच १९६५ सालीं केलें, ती निळसर पट्ट्यांची. आणि टेक्सासमधील ॲनेक्टेन्सच्या पाठीवरचा पट्टा नारिंगी. या साऱ्या भगिनींच्या खवल्यांच्या रांगा मोजूं गेल्यास त्यांच्यांत निवड करण्याजोगें फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. थोडक्यांत सांगावयाचें तर, जात खवल्यांनीं ओळखावी व उपजाति रंगानें, अशी कामाची वांटणी या वाङ्मयांत झालेली दिसते. ती कितपत सयुक्तिक आहे हें पाहणें हेंच आमच्या या परीक्षणाचें प्रयोजन होय.

रुथवेन यांच्या प्रबंधाचा मोठा गुण असा कीं, त्यांनीं एकेका नमुन्याकडे न पाहतां समूहाकडे पाहिलें. त्यांच्या आधीं या क्षेत्रांत नांवांचा सुळसुळाट झाला होता. एडवर्ड कोप यांच्यासारख्या प्रचंड व्यासंगी, परंतु नांवें देण्यांत सढळ हात असलेल्या पंडितांनीं किंचित् वेगळा दिसणारा साप आला कीं त्यास वेगळें नांव बहाल करण्याची प्रथा पाडली होती. रुथवेन यांनीं निरनिराळ्या प्रदेशांतील पुष्कळ साप शेजारीं शेजारीं ठेवून त्यांच्या खवल्यांच्या संख्या नोंदविल्या, त्या कोठें वाढतात व कोठें घटतात हें पाहिलें, आणि साऱ्या गार्टर सापांची रॅडिक्स, सॉरिटस, एलेगान्स व सिर्टालिस अशा चार शाखांत मांडणी केली. भेद हा दोष नसून तोच अभ्यासाचा विषय आहे, ही दृष्टि त्यांच्या लेखनांत स्पष्ट दिसते, आणि त्या काळाच्या मानानें ती थोर म्हटली पाहिजे.

परंतु याच ठिकाणीं त्यांच्या विवेचनांतील कच्चा दुवाही लपलेला आहे. उत्तर मेक्सिकोच्या पठारावर या सापांचा उगम झाला, तेथून ते चारी दिशांस पसरले, आणि मूळ स्थानापासून दूर जातां जातां त्यांचीं शरीरें खुजीं होऊन खवल्यांच्या रांगाही घटत गेल्या, असें त्यांनीं प्रतिपादिलें. उपपत्ति सुंदर आहे, आणि सुंदर उपपत्तीचा मोह कोणास सुटला आहे? परंतु तिच्या पोटीं एक गृहीत आहे. खवल्यांची संख्या ही वंशाची अचल खूण असून तींत दिसणारा फरक हा रक्ताचाच फरक होय, हें त्यांनीं तपासून न पाहतां मानलें. आणि त्यांच्या चार शाखाही पुढें जशाच्या तशा टिकल्या नाहींत. डी कीरोझ, लॉसन व लेमोस-एस्पिनाल यांनीं २००२ सालीं मातेकडून येणाऱ्या आनुवंशिक द्रव्याची छाननी केली, तेव्हां रिबन साप सिर्टालिसचे निकट आप्त निघाले. म्हणजे पट्ट्याच्या जागेवरून जो रॅडिक्सचा सोबती वाटावा, तो वंशानें सिर्टालिसच्या घरचा ठरला. पट्ट्याची रांग ओळखीस उपयोगी आहे यांत शंका नाहीं. परंतु ओळखीची खूण आणि नात्याची खूण या दोन भिन्न गोष्टी होत. अंगरख्यावरून माणूस दुरून ओळखतां येतो, म्हणून तसा अंगरखा घालणारे सारे एका आईचे ठरत नाहींत.

खवल्यांच्या अचलतेविषयींच्या गृहीतास खरा धक्का दिला तो वेड फॉक्स यांच्या १९४८ सालच्या एका छोट्या निबंधानें. त्यांनीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील गार्टर सापांच्या गाभण माद्या निरनिराळ्या उष्णतामानांत ठेविल्या. ज्या माद्या थंडाव्यांत राहिल्या त्यांच्या पिलांच्या खवल्यांची सरासरी संख्या उबेंत राहिलेल्या माद्यांच्या पिलांहून कमी भरली. आई कोणत्या उन्हांत पडून राहिली याचा हिशेब मुलाच्या अंगावर उमटला! यावरून खवल्यांची साक्ष खोटी ठरत नाहीं. संख्येचा पुष्कळ भाग वंशागतच असतो, आणि पोटावरील खवल्यांची संख्या मणक्यांच्या संख्येशीं जुळणारी असल्यामुळें तिचें शरीररचनेंत महत्त्वही आहे. परंतु थंड प्रदेशांतल्या सापांचे दोनचार खवले कमी भरले एवढ्यावरून त्यांस निराळें कुळ देण्यापूर्वीं हवामानाचा विचार करणें प्राप्त झालें. त्यांतच नर व मादी यांच्या संख्यांत फरक पडतो. आणि कित्येक सापांच्या ओठांवर डाव्या बाजूस सात व उजव्या बाजूस आठ खवले निघतात. केवळ मोजणीवर निकाल द्यावयाचा तर असा साप अर्धा एका जातीचा व अर्धा दुसऱ्या जातीचा मानावा लागेल.

रंगाची साक्ष तर याहूनही नाजूक. एक तर मद्यार्कांत बुडविलेल्या नमुन्याचा तांबडा व पिवळा रंग ओसरतो. संग्रहालयांत बसून वर्णन लिहिणाऱ्यानें ज्यास करडा म्हटलें तो प्राणी रानांत लालबुंद असूं शकतो. दुसरें असें कीं, एकाच आईच्या पोटीं भिन्न रंगाचीं भावंडें निपजतात. ब्लँचर्ड दंपतीनें १९४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असें सिद्ध झालें कीं, सिर्टालिसमध्यें आढळणारा संपूर्ण काळा प्रकार मेंडेलच्या साध्या नियमानुसार उतरणारा आहे. म्हणजे पट्टेदार आईबापांच्या पोटींही काळें पिलूं जन्मास येऊं शकतें. त्यास निराळी उपजाति म्हणणें हें घाऱ्या डोळ्यांच्या मुलास निराळ्या कुळांतलें म्हणण्यासारखें होय. तिसरें, एडमंड ब्रॉडी (धाकटे) यांनीं १९८९ सालीं ऑर्डिनॉइडीस जातींत दाखवून दिलें कीं, ठळक पट्ट्यांचीं पिलें संकट येतांच सरळ पळत सुटतात, आणि ठिपक्यांचीं वा पट्टे नसलेलीं पिलें पळतां पळतां वारंवार दिशा बदलतात. पट्टेदार अंग सरळ पळतांना त्याच्या गतीचा अंदाज शत्रूस लागत नाहीं. ठिपकेदार अंग वळण घेऊन थबकलें कीं गवतांत मिसळून जातें. येथें रंग हा वंशाचा शिक्का नसून जगण्याची युक्ति आहे, आणि ती एकाच प्रदेशांत, एकाच जातींत, निरनिराळ्या रूपांनीं नांदते.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तर रंगानें चांगल्या चांगल्यांस चकविलें आहे. तेथें सिर्टालिसच्या कुशीवर तांबडे ठिपके, आणि एलेगान्सच्या किनारी उपजातीच्या कुशीवरही तांबडे ठिपके. रंगावर विसंबणारा येथें हमखास फसतो. ओठावरचे सात-आठ खवले मोजणारा व डोळ्याचा आकार पाहणारा सहसा फसत नाहीं, कारण सिर्टालिसचा डोळा तुलनेनें मोठा असतो. म्हणजे दोन्ही साक्षीदार सदोष असले तरी त्यांचे दोष एकाच जागीं नाहींत, आणि एकाची चूक दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतां येते.

याच पश्चिम किनाऱ्यावरील सापांच्या अभ्यासांतला एक प्रसंग टीकाकारांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे. हेन्री फिच यांनीं १९४० सालीं एक मोठा निबंध लिहून तेथील भूचर व जलचर अशा पुष्कळ सापांस ऑर्डिनॉइडीस या एकाच जातीच्या छत्राखालीं आणलें. फॉक्स यांनीं आपल्या निबंधांतून ती मांडणी मोडून काढली. खरा ऑर्डिनॉइडीस व एलेगान्स हे एकाच ठिकाणीं शेजारीं नांदत असूनही वेगळेच राहतात, तेव्हां ते एक नव्हेत, असें त्यांनीं दाखविलें. आणि त्याच फॉक्स यांनीं १९५१ सालीं सिर्टालिसच्या एका नव्या उपजातीचें वर्णन केलें तेव्हां तिला ‘फिची’ असें फिच यांचेंच नांव दिलें. मतखंडन करावें आणि ज्याचें मत खंडिलें त्याच्या परिश्रमांचा गौरवही करावा, ही रीति आपल्या वाङ्मयीन वादांत जितकी दिसावी तितकी दिसत नाहीं.

आतां १९९६ सालच्या ग्रंथाविषयीं. रॉसमन हे जन्मभर याच सापांत रमलेले. रिबन सापांची त्यांनीं १९६३ सालीं केलेली फोड, जींत त्यांनीं पूर्वेकडील सॉरिटस व पश्चिमेकडील प्रॉक्सिमस या दोन जाती वेगळ्या केल्या, ती आजही मान्य आहे. ग्रंथांत जुन्या नांवांची चिकित्सा, खवल्यांचीं व दांतांचीं मोजमापें, प्रसार, आहार, प्रजनन अशी सर्व अंगें एकत्र आणलीं आहेत. रुथवेन यांच्या प्रबंधांत साप मुख्यतः मोजला जातो; या ग्रंथांत तो जगतांनाही दिसतो, हा मोठा लाभ होय. एकाच लक्षणावर भार न टाकतां अनेक लक्षणांची एकवाक्यता पाहणें ही त्याची पद्धति आम्हांस सर्वथा ग्राह्य वाटते.

आमची तक्रार आहे ती ग्रंथकारांशीं नसून या प्रकारच्या सर्व ग्रंथांत अपरिहार्यपणें येणाऱ्या ओळखकोष्टकाशीं आहे. कोष्टक विचारतें, ‘खवले सात कीं आठ?’ आणि वाचकास एका वाटेनें धाडून देतें. सृष्टि मात्र उत्तर देते, ‘बहुधा सात.’ हा ‘बहुधा’ शब्द वर्णनांत पदोपदीं येतो आणि उतावळा वाचक तो गाळून वाचतो. त्या शब्दांत ग्रंथकाराचा सारा प्रामाणिकपणा सांठविलेला असतो. तो गाळला कीं कोष्टक पंचांगासारखें वापरलें जातें, आणि हातांतला साप कोष्टकांत बसला नाहीं तर त्याचा दोष सापाच्या माथीं मारण्यांत येतो.

हा सारा काथ्याकूट कोणाच्या उपयोगाचा, असें जर कोणी म्हणेल तर त्यास आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या सापाची गोष्ट सांगूं. त्या शहराच्या दक्षिणेस सॅन मॅटिओ परगण्यांत सिर्टालिसची टेट्राटेनिया नांवाची एक उपजाति राहते. पाठीवर हिरवट पिवळा रुंद पट्टा, त्याच्या दोन्ही अंगांस काळी किनार, तिच्याखालीं सलग तांबडी रेघ, पुन्हां काळी रेघ, आणि पोट निळसर हिरवें. इतका देखणा साप त्या खंडांत दुसरा नाहीं, असें पुष्कळांचें मत आहे. तिच्या शेजारीं राहणाऱ्या इन्फर्नालिस उपजातीशीं तिचा दृश्य फरक मुख्यतः एवढाच कीं, एकीची तांबडी रेघ सलग, तर दुसरीची काळ्या रंगानें तोडून ठिपक्यांची केलेली. दोहोंच्या सीमेवर मधलें रूप असलेले सापही सांपडतात. दलदली बुजल्या, तळीं आटलीं, शहरें वाढलीं, आणि हा साप दुर्मिळ झाला. १९६७ सालीं अमेरिकन सरकारनें त्यास नामशेष होऊं पाहणाऱ्या प्राण्यांच्या यादींत घातलें. त्याचा एक मोठा समूह आज सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या मालकीच्या ओलसर जमिनीवर, रहदारीच्या गर्जनेंत, तग धरून आहे.

या सापाच्या नांवाचा इतिहास म्हणजे वर्णनाच्या चुकांची मालिकाच होय. टेट्राटेनिया हें नांव १८७५ सालीं कोप यांनीं दिलें, परंतु तो नमुना जेथून आला म्हणून नोंद झाली त्या पिट नदीच्या प्रदेशांत हा साप राहतच नाहीं. इकडे इन्फर्नालिस हें नांव फ्रान्सच्या ब्लेनव्हिल यांनीं १८३५ सालींच देऊन ठेविलें होतें. त्यांचा नमुना बोटा नांवाच्या प्रवाशानें कॅलिफोर्नियाहून आणला होता. हेच बोटा पुढें प्राचीन ॲसीरियन राजधानीचें उत्खनन करून प्रसिद्धीस आले. बाउंडी व रॉसमन यांनीं १९९५ सालीं तो पॅरिसचा जुना नमुना तपासून असें दाखविलें कीं, तो सॅन फ्रान्सिस्कोच्याच सापाचा आहे. तेव्हां नियमाप्रमाणें इन्फर्नालिस हें जुनें नांव या दुर्मिळ सापास मिळावें आणि टेट्राटेनिया हें नांव बाद व्हावें! विचार करा : जें नांव आजवर शेजारच्या, यादींत नसलेल्या सापाचें होतें, तेंच आतां यादींतल्या सापाचें होणार, आणि सरकारी कागदोपत्रीं ज्याचें रक्षण व्हावयाचें त्याचें नांवच शास्त्रांतून पुसलें जाणार. बॅरी व जेनिंग्ज यांनीं याविरुद्ध आयोगाकडे दाद मागितली. २००० सालीं आयोगानें इन्फर्नालिससाठीं नवा प्रमाणनमुना ठरवून दोन्ही नांवांचा रूढ अर्थ कायम केला. रॉसमन यांचा तर्क नियमास धरून होता, आयोगाचा निर्णय व्यवहारास धरून होता. आमचें मत विचाराल तर आम्ही आयोगाच्या बाजूचे आहों. कारण नांव हें माणसांनीं एकमेकांशीं बोलावें म्हणून असतें, आणि बोलणें थांबेल इतका नियमाचा आग्रह धरूं नये.

याहून मूलगामी प्रश्न मात्र आयोगाच्या अधिकारांत येत नाहीं. पश्चिमेकडील सिर्टालिस सापांच्या मातृवंशाचा जो तपास २००२ सालीं जान्झेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केला, त्यांत रंगावरून आंखलेल्या उपजातींच्या सीमा व मातृवंशाच्या सीमा एकमेकींशीं जुळल्या नाहींत. यावर कोणी म्हणेल, ‘तर मग उपजाति हें थोतांडच, सलग रेघेच्या सापास इतका मान कशाला?’ आम्हांस हा निष्कर्ष घाईचा वाटतो. मातृवंश ही देखील एकच साक्ष आहे, आणि एका साक्षीवर निकाल देण्याच्या ज्या दोषाबद्दल आपण रुथवेन यांस बोल लाविला, तोच दोष नव्या साधनानिशीं पुन्हां करणें शहाणपणाचें नव्हे. उपजाति म्हणजे रक्ताची कोंडलेली कोठडी, असें समजणाऱ्यांची निराशा होणारच. परंतु अमक्या प्रदेशांतील बहुतेक साप अमक्या रूपाचे असतात, हें विधान त्या नांवानें केलेलें असतें, आणि तें डोळ्यांनीं पडताळून पाहतां येतें. सॅन मॅटिओमधील तळ्यांकांठीं सलग तांबड्या रेघेचा साप राहतो आणि जगांत अन्यत्र राहत नाहीं, ही गोष्ट आनुवंशिक द्रव्याच्या कोणत्याही तक्त्यानें खोटी होत नाहीं. तीं तळीं गेलीं तर तो साप जाईल. संरक्षणास एवढें कारण पुरेसें आहे.

म्हणून आमचा अभिप्राय असा. आधीं स्थळ विचारावें, कारण स्थळावांचून उपजातीस अर्थच नाहीं. मग खवले मोजावेत, आणि एका सापाचे नव्हे तर मिळतील तितक्यांचे. त्यानंतर रंग पाहावा, तोही जिवंत प्राण्याचा. तिन्हींची एकवाक्यता झाली तर नांव उच्चारावें. न झाली तर ‘बहुधा’ म्हणून थांबावें. या क्रमांतला पहिला पाठ रुथवेन यांनीं दिला, दुसऱ्यावर फॉक्स यांनीं भाष्य केलें, आणि सर्वांचा मेळ घालण्याचा स्तुत्य यत्न १९९६ च्या ग्रंथांत झाला आहे. दोन्ही ग्रंथ आमच्या मोठ्या ग्रंथालयांत असावेत अशी आमची शिफारस आहे.

आणि हा पाठ सातासमुद्रांपलीकडचाच आहे असेंही नाहीं. आपल्या घरांत पावसाळ्याच्या रात्रीं काळसर अंगाचा, आडव्या पट्ट्यांचा साप निघाला कीं मण्यार म्हणून ओरडा होतो आणि पुष्कळदां निरुपद्रवी कवड्या काठीखालीं मरतो. आणि कधीं उलट होतें, कवड्या समजून मण्यारीकडे दुर्लक्ष होतें व तें जिवावर बेततें. दोहोंचा रंग दिवाणखान्यांतल्या दिव्याखालीं फसविणारा. परंतु मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरील खवल्यांची रांग इतर खवल्यांहून मोठी व षट्कोनी असते, कवड्याची तशी नसते. ही खूण पाहण्यासाठीं कोणी सापाजवळ जावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं; तें काम जाणत्याचें. आपण दूर राहावें, मुलांस दूर ठेवावें आणि जाणत्यास बोलवावें. तो येईपर्यंत काठी कोपऱ्यांत ठेवून, ‘हा मण्यारच’ असें ठासून सांगणाऱ्यास ‘बहुधा’ म्हणावयास लावलें, तरी या परीक्षणाचा वाचकांस कांहीं उपयोग झाला असें आम्ही समजूं.